न जाणवलेला स्पर्श

एका सायंकाळी आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांना रुग्णाभ्यंग देण्यास गेलो होतो. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. कपाळावर आणि मग दोन्ही तळहातांवर आम्ही पवित्र तेल लावले. डोळे मिटून पडलेल्या त्या वृद्धाने विचारले, ‘‘फादर, डाव्या हाताला लावायचं राहिलं का?’’

प्रश्न साधाच, पण तो आमच्या सोबत घरी आला.

वैद्यकशास्त्र कारण सांगते. गुठळीमुळे वा रक्तस्रावामुळे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तेथील पेशी मरतात. स्पर्शाचे संदेश विरुद्ध बाजूच्या मेंदूत पोहोचतात. म्हणून उजवीकडील आघाताने डावा हात बधिर होतो. कातडी शाबूत, हाताच्या नसाही शाबूत. निरोप निघतो, पण तो घेणारे कोणी उरत नाही. १९३७ साली मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी सहकाऱ्यासह मेंदूवरील स्पर्शाचा नकाशा मांडला. त्यात धडापेक्षा बोटांना व ओठांना कितीतरी अधिक जागा आहे. अशा रुग्णाला खिशातली किल्ली चाचपून ओळखता येत नाही, कढत पाणी कळत नाही. क्वचित कोणी तर ‘हा हात माझा नव्हेच’ असेही म्हणतो.

मग जो स्पर्श जाणवतच नाही, त्याला अर्थ काय? संत थॉमस अक्वायनस, ॲरिस्टॉटलला अनुसरून, स्पर्शाला इतर सर्व इंद्रियांचा पाया मानतात. पाया ढासळला म्हणजे माणूस उणा झाला काय? त्याच संतांचे म्हणणे असे की, आत्मा शरीराच्या प्रत्येक भागात संपूर्णपणे वसतो. म्हणजे बधिर हातातही तो अर्धामुर्धा नाही.

कोणी म्हणेल, हे तत्त्वज्ञान त्या वृद्धाच्या काय कामाचे? आक्षेप रास्त आहे. त्यांची पत्नी आजारपणापासून उजव्या बाजूलाच बसत असे. ‘‘डावीकडे बसून काय करू, फादर? त्यांना कळतच नाही,’’ ती म्हणाली. आमच्या विनंतीवरून ती डावीकडे सरकली आणि तिने तो हात हाती घेतला. क्षणभराने ती उद्गारली, ‘‘ऊब आहे हो हाताला!’’

तेव्हा आम्हांला उमगले. स्पर्श करणाऱ्यालाही स्पर्श होतच असतो. ज्या हाताला घेता येत नाही, तो अजून देऊ शकतो.

वाचकहो, आपल्या घरी असा रुग्ण असेल तर पाणी त्याच्यासाठी आपल्या हाताने पारखा, तो हात त्याच्या नजरेसमोर ठेवा. सरावाने काहींची संवेदना थोडीफार परतते. परतली नाही, तरी त्या बाजूची खुर्ची रिकामी ठेवू नका.