पोस्टकोडचे गुण

भाची लेस्टरमध्ये वाढली, साध्या सरकारी शाळेत शिकली, आणि तिला डॉक्टरच व्हायचंय. ब्रिटनमधली बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयं यूकॅट नावाची परीक्षा मागतात. ती वर्षातून एकदाच देता येते आणि गुण परीक्षा संपताच हातात पडतात. तिला २७०० पैकी १७२० पडले. सरासरी १९०० च्या आसपास असते. यूकास या विद्यापीठप्रवेशाच्या अर्जात वैद्यकीयसाठी चारच महाविद्यालयांची नावं देता येतात. मुदत १५ ऑक्टोबर.

अडचण पुढेच आहे. तिचं घर ज्या पोस्टकोडमध्ये येतं, तिथून विद्यापीठात जाणारी मुलं थोडी. अशा पत्त्यांवरच्या मुलांसाठी अनेक विद्यापीठं अट सैल करतात: ए-लेव्हल या शाळा संपतानाच्या परीक्षेत एखाद-दुसऱ्या श्रेणीने, काही ठिकाणी यूकॅटमध्येही. पण माझी बहीण आणि मेहुणे दोघंही पुण्याहून आलेले इंजिनीयर. हप्ता झेपावा म्हणून त्यांनी स्वस्त भागात घर घेतलं, इतकंच.

मी: ही सवलत तुझ्यासाठी नाही.

भाची: मी मागितलीच कुठे, मामा? पत्ता लिहिला की त्यांचा कॉम्प्युटर आपोआप सवलतीची खूण करतो.

मी: दुकानदाराने चुकून दहा पौंड जास्त परत दिले, तर मागितले नव्हते म्हणून खिशात घालशील?

भाची: ते परत घ्यायला समोर दुकानदार तरी असतो. इथे कोणाला परत करू? मी मागे सरले तर ती जागा माझ्या गल्लीतल्या गरीब मुलीला मिळेल, की दर आठवड्याला यूकॅटची शिकवणी लावणाऱ्या खासगी शाळेतल्या मुलाला?

मी: कोणालाही मिळो. तू काय घेतेस एवढाच प्रश्न आहे.

भाची: जागा मोजक्या आहेत तेव्हा एवढाच कसा असेल? त्या किती असाव्यात ते सरकारच ठरवून देतं. मी सोडलेली जागा हवेत विरत नाही, कुणीतरी बसतंच तिथे. त्या कुणाचा विचार न करता माझे हात स्वच्छ ठेवायचे, हा तुझा प्रामाणिकपणा फार स्वस्तातला आहे.

मी: आणि तुझा सोयीचा. ‘मी नाही घेतलं तर दुसरा घेईल’ हे प्रत्येक लाच घेणारा म्हणतो.

भाची: लाच घेणाऱ्याला नियम मोडावा लागतो. मी कुठला मोडतेय?

मी: नियमाचा हेतू मोडतेस. तो हेतू आहे लंडनच्या केन्सिंग्टनमधल्या सरकारी कौन्सिल फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलीसाठी. तिच्या आजूबाजूला श्रीमंत राहतात म्हणून तिच्या नावावर खूण होत नाही. तुझ्या नावावर होते.

भाची: हे तू मला सांगतोयस, पण मोजपट्टी मी केली नाही. ज्यांनी केली त्यांना माहीत आहे की ती माणूस मोजत नाही, परिसर मोजते. माहीत असूनही वापरतात, कारण घरोघरी जाऊन चौकशी करणं महाग पडतं. त्यांची काटकसर, आणि तिचं पाप माझ्या माथी?

इथे आम्ही बराच वेळ अडकलो. तेच मुद्दे ती आणि मी आलटून पालटून मांडत राहिलो. तिच्या बोलण्यात एक चलाखी आहे असं मला वाटत होतं, पण बोट कुठे ठेवायचं ते कळेना. शेवटी मी माझ्या हुकमी जागी गेलो.

मी: हे बघ, मी या देशात आलो तो प्लॅब ही परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा देऊन. त्या परीक्षेने मला माझं नाव विचारलं नाही. माझा उच्चार ऐकून कुणी भुवई उंचावली नाही. परीक्षा आंधळी असते, आणि परक्या माणसावर त्याहून मोठा उपकार कुठला? लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयात काय झालं ते ठाऊक आहे ना? अर्ज चाळायला त्यांनी १९७९ मध्ये एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम तयार केला. १९८८ मध्ये वंशसमानता आयोगाने तो भेदभाव करणारा ठरवला. युरोपीय न वाटणाऱ्या नावाला १५ गुणांचा फटका बसायचा, बाई असली तर आणखी सरासरी ३. वर्षाला साठेक जणांची मुलाखत त्यापायी हुकली असावी. तुझं आडनाव तिथे गेलं असतं तर? माणसं बघून निवड करायला लागलं की असं होतं. म्हणून परीक्षा हवी, आणि तिने दिलेला आकडा मानायला हवा.

भाची: तो प्रोग्रॅम कुणाकडून शिकला होता?

मी: तिथल्याच प्राध्यापकांकडून. त्यांचे निवाडे आणि त्याचे निवाडे शंभरात नव्वदच्या वर जुळायचे.

भाची: म्हणजे आकडा होता, यंत्र होतं, आणि तरीही आंधळेपणा नव्हता. आकड्याने फक्त प्राध्यापकांची मतं लपवली. यूकॅटच्या आकड्यात काय लपलंय ते बघायला तू तयार नाहीस. भाषेच्या विभागात ४४ प्रश्न, २२ मिनिटं. एका प्रश्नाला अर्धं मिनिट. हा वेग सरावाने येतो, आणि सराव विकत मिळतो.

मी: सरावाचं साहित्य फुकटही मिळतं. आणि समज, परीक्षेचंच बरोबर असेल तर? तू खरंच सावकाश विचार करणारी असशील तर?

भाची: तू सगळी नोकरी जेरिअॅट्रिक्समध्ये काढलीस. किती म्हाताऱ्यांचं दुखणं तुला अर्ध्या मिनिटात कळलं?

मी: हृदय बंद पडलेल्या माणसाजवळ अर्धं मिनिटही नसतं.

भाची: तिथे हात शिकवल्याप्रमाणे चालतात. उतारा वाचून पर्याय निवडायचा नसतो.

मी: पण काहीतरी मोजायला हवंच ना. की सगळ्यांनाच घ्यायचं?

भाची: मोजा की. २०१३ मध्ये बारा वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मुलांचा अभ्यास झाला. शाळेतले गुण आधीच माहीत असतील, तर ही परीक्षा त्यात फारशी भर घालत नाही असं दिसलं. आणि गुण सारखेच असतील, तर भरघोस निकालाच्या शाळांतून आलेली मुलं पहिल्या वर्षात जरा मागे पडतात. तिथे शाळेने ढकलून वर नेलेलं असतं. माझ्या शाळेने कुणाला ढकललेलं नाही.

मी: तो निष्कर्ष शाळेबद्दल आहे, पोस्टकोडबद्दल नाही.

भाची: बरोबर.

इतक्या लवकर ती कबूल करेल असं वाटलं नव्हतं. मी पुढे सरसावलो.

मी: मग शाळेच्या आधाराने सवलत घे. ती तुझी आहे. पोस्टकोडची सोड.

भाची: दोन्ही एकाच खुणेत मिसळलेत तिथे कशी सोडू? आणि तू जे बोलतोयस ते मला पटण्याआधी एक सांग. आई म्हणते तुला सर्जन व्हायचं होतं.

मी: त्याचा इथे काय संबंध?

भाची: आंधळ्या परीक्षेने तुला दार उघडलं. आत कुठल्या खोलीत बसायचं ते कुणी ठरवलं? इंग्रज डॉक्टरांना जेरिअॅट्रिक्स नको होतं, म्हणून भारत-पाकिस्तानातून आलेल्यांनी ते उभं केलं. तू स्वतः हे अभिमानाने सांगतोस. पण ती वाटणी कुठल्या परीक्षेने केली नव्हती. परीक्षा तेवढी एकच गोष्ट न्याय्य ठेवते आणि बाकी सगळ्याबद्दल गप्प बसते. तुला ती निष्पक्ष वाटते, कारण तुझ्यावरचा अन्याय तिच्या नंतर झाला. बऱ्याच मुलांवर तो तिच्या आधीच झालेला असतो.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. मी फक्त एवढं म्हणू शकलो की अन्याय आधीचा असो की नंतरचा, तो ज्याच्यावर झाला त्यालाच भरपाई मिळायला हवी, शेजाऱ्याला नाही. तीही हे नाकारत नव्हती. म्हणून आम्ही अर्ज उघडला.

मी: आईवडिलांचं विद्यापीठातलं शिक्षण झालंय का, असा प्रश्न आहे इथे. ‘सांगू इच्छित नाही’ असाही पर्याय दिसतो.

भाची: ‘हो’ लिहिणार आहे.

मी: त्याने खूण पुसली जाईल?

भाची: काही ठिकाणी ती माहिती धरतात, काही ठिकाणी नाही.

मी: आणि जिथे नाही धरत तिथे?

भाची: तिथे पोस्टकोड चालू राहील. मला जे विचारलं त्याचं खरं उत्तर मी देणार. न विचारलेल्याची कबुली देत फिरणार नाही.

मी: ही वकिली झाली.

भाची: आणि तू मागतोस ती संतगिरी. श्रीमंत पोस्टकोडमधल्या किती मुलांकडून तू ती मागशील? घरच्यांच्या ओळखीने इस्पितळात चार दिवस डॉक्टरांच्या मागे फिरून आलेला मुलगा अर्जात तो अनुभव लिहितोच ना? त्याला कुणी सांगतं का, हा तुझा नाही, तुझ्या काकांचा आहे?

मी: त्यालाही सांगायला हवं.

भाची: पण सांगत नाहीस. मला सांगतोस, कारण मी ऐकून घेते.

दोन नावं ठरली: दोन्ही ठिकाणी शाळेचा निकाल बघतात आणि यूकॅटला फार वजन देत नाहीत. तिसऱ्यावर वाद नव्हता. तिथे कुठलीच सूट नाही, आणि १७२० वर आशाही फारशी नाही, पण तिला तिथे शिकायचंय. चौथं नाव तिने लिहिलं ते फक्त पोस्टकोडवर सूट देणाऱ्या महाविद्यालयाचं. मी ते खोडायला सांगितलं. तिने विचारलं, खोडून त्या जागी कोणाचं नाव लिहू? मला एकही सुचलं नाही, आणि तरीही ते नाव तिथे नसावं असं मला वाटतं.