न जेवणाऱ्याचे पैसे

जुमाची नमाज आटोपून मशीद रिकामी होत असता एक गृहस्थ मागे थांबले. नंदुरबारात मिरचीच्या एका पथारीवर ते हिशेब लिहितात. ‘मौलाना, मसला लहान आहे, पण मनातून जात नाही,’ अशी सुरुवात करून त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या परवानगीने, नाव वगळून, वाचकहो, तुमच्यापुढे ठेवतो. असा प्रसंग आपल्यापैकी कोणाच्याही घरी घडू शकतो, आणि बहुधा घडून गेलेला असतो.

अम्मींचे डोळे दाखवण्यासाठी ते सहकुटुंब सुरतेला गेले होते. मोठा दवाखाना असो वा लग्नाचे कापड, आपल्या जिल्ह्यातून सुरत गाठायची हा जुनाच रिवाज आहे. पहाटे चहा घेऊन निघालेली ही मंडळी दुपारी दोनच्या सुमारास एका भोजनालयात शिरली. ते शुद्ध शाकाहारी, त्यामुळे हलाल-हरामचा प्रश्न आधीच मिटलेला. दारात पाटी होती : माणशी एक थाळी, ३०० रुपये, हवे तितके वाढून मिळेल, एक थाळी दोघांनी वाटून खाऊ नये. अम्मींच्या डोळ्यांत औषध घातलेले असल्याने नातीने पाटी मोठ्याने वाचून दाखवली. ती ऐकताच अम्मी म्हणाल्या, ‘मला भूक नाही. तुम्ही जेवून घ्या.’

गल्ल्यावरच्या माणसाने पाच थाळ्यांचे पैसे मागितले. मुलाने सांगितले, आई जेवणार नाही. तो माणूस भला निघाला. ‘माजींना बसू द्या, त्यांचे पैसे नकोत, फक्त तुमच्या ताटातले देऊ नका,’ इतकेच तो म्हणाला आणि यांनी ते कबूल केले. मग व्हायचे तेच झाले. आधी नातीने दादीच्या तोंडात रोटलीचा तुकडा घातला. नंतर मुलाने स्वतःची डाळीची वाटी तिच्याकडे सरकवली आणि वाढप्याला बोलावून ती पुन्हा भरून घेतली, एकदा नव्हे, तीनदा. भूक नसलेल्या अम्मी पोटभर जेवल्या. वाढप्याने पाहिले आणि मान वळवली. परतीच्या गाडीत या गृहस्थांना ते वळलेले तोंड आठवत राहिले.

त्यांच्या एका मित्राने तोडगा सुचवला होता. किती खाणार हे ठरलेले नसताना किंमत ठरवणे हा ‘गरर’चा, म्हणजे अनिश्चिततेचा व्यवहार, असा सौदा मुळातच फासिद, तेव्हा त्यातली शर्त मोडली तर बिघडले काय? या युक्तिवादाकडे आधी पाहू, कारण धर्माचे अर्धवट ज्ञान आपल्या सोयीच्या दिशेनेच धावते याचा हा नमुना आहे.

पाण्यातला मासा आणि आकाशातला पक्षी विकण्यास शरीअतने मनाई केली आहे हे खरे. अशा भोजनाच्या व्यवहाराला काही आदरणीय उलमांनी याच कारणाने नापसंत केले आहे, हेही खरे. परंतु आपल्या मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या ‘हिदाया’ या ग्रंथात हमामखान्याच्या शुल्काचा मसला येतो. कोण किती पाणी वापरेल, किती वेळ आत बसेल हे ठाऊक नसते, तरी शुल्क ठरलेले असते आणि ते जायज मानले आहे. कारण लोकांचा रिवाज तसा आहे आणि त्यावरून कोणी भांडत नाही. भांडणाला जन्म देते ती अनिश्चितता निषिद्ध. एक माणूस एका बैठकीत किती जेवतो याचा अंदाज भोजनालयाच्या मालकाला माझ्या-तुमच्यापेक्षा चांगला असतो.

खुद्द सहाबांनाही अशी शंका आली होती. एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाऊ नका, परस्परांच्या राजीखुशीचा व्यापार असेल तरच घ्या, असा आदेश सूरह निसाच्या २९व्या आयतीत आला, तेव्हा काही सहाबा आंधळ्या, लंगड्या आणि आजारी माणसांबरोबर एका ताटात जेवायचे टाळू लागले. आंधळ्याला चांगला तुकडा दिसत नाही, आजाऱ्याला आपल्या वाट्याचे संपवता येत नाही. मग आपण त्यांचा हिस्सा खात तर नाही ना, हे भय त्यामागे होते. सूरह नूरच्या ६१व्या आयतीने तो संकोच दूर केला, अशी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत मुफस्सिरांनी दिली आहे. प्रवासात सगळ्यांची शिदोरी एकत्र करून खाण्याची प्रथाही त्या काळी होती, तिला ‘नह्द’ म्हणत. कोणी कमी खाई, कोणी जास्त, आणि मुसलमानांनी त्यात दोष मानला नाही, असे इमाम बुखारी (रह.) यांनी भागीदारीच्या प्रकरणाच्या आरंभीच नोंदवले आहे. तेव्हा ठरलेल्या दरात एकाने चार रोटल्या खाल्ल्या आणि दुसऱ्याने एक, याने व्यवहार बिघडत नाही. थाळी घेऊन कमी जेवणाऱ्याने ‘मी कुठे खाल्ले?’ म्हणून पैसे कापून मागू नयेत. घर भाड्याने घेऊन कुलूप लावून ठेवले तरी भाडे द्यावेच लागते.

ज्याने थाळी घेतलीच नाही त्याचे काय? इथे सौदा कशाचा झाला हे पाहावे लागते. शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या खानावळीत महिन्याची मेस लावलेला विद्यार्थी हे जाणतो. आधी सांगून गावी गेला तर खाडा धरला जातो. न सांगता गेला तर त्याच्यासाठी रांधलेले वाया जाते आणि पैसे भरावे लागतात. रेल्वेचेही तसेच. ५ ते १२ वर्षांच्या मुलासाठी आरक्षणात स्वतंत्र बर्थ मागितला तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते, बर्थ न मागता अर्धे. मूल किती लहान आहे याचा नव्हे, त्याने अडवलेल्या जागेचा तो हिशेब आहे. भोजनालयातली खुर्चीही जागा आहे, आणि गर्दीच्या वेळी ती न जेवणाऱ्याने अडवली तर मालकाचे गिऱ्हाईक दारातून परत जाते. म्हणून ‘बसेल त्याचे पैसे’ अशी शर्त त्याने आधी, स्पष्ट, दारातच सांगितली असेल तर ती जायज आहे. मंजूर नसेल तर उठून जाण्याची मोकळीक आपल्याला असते. मुसलमान आपल्या शर्तींना बांधलेले असतात, हे प्रेषितांचे (स.) फर्मान तिर्मिजी आणि अबू दाऊदमध्ये आहे.

मात्र शर्त आधी सांगितली नाही, जेवण झाल्यावर बिलात पाचवी थाळी उगवली, तर ती देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. राजीखुशी ही आधी लागते. देशाचा कायदाही यापासून फार दूर नाही. बिलात परस्पर सेवाशुल्क चढवू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले.

आमच्या गृहस्थांच्या प्रकरणात तर मालकाने पैसे मागणे सोडून दिले होते. शिल्लक राहिली ती एकच शर्त, आणि तीच मोडली गेली. पाहुण्यापुढे ठेवलेले अन्न ही फिकहच्या दृष्टीने ‘इबाहत’ असते. त्याला खाण्याची परवानगी मिळते, मालकी मिळत नाही. यजमानाच्या मर्जीवाचून तो ते दुसऱ्याला देऊ शकत नाही, बांधून नेऊ शकत नाही. हवे तितके वाढून देणाऱ्या थाळीतही तीनशे रुपयांत मिळते ती स्वतः जेवण्याची परवानगीच. अबू शुऐब या अन्सारी सहाबींनी पाच जणांचे जेवण करवून प्रेषितांना (स.) बोलावले, तेव्हा वाटेत एक सहावा माणूस मागोमाग आला. दारात पोहोचताच प्रेषितांनी (स.) यजमानाला सांगितले की हा आमच्या मागे आला आहे, तुमची इच्छा असेल तर येऊ द्या, नाहीतर तो परत जाईल. यजमानाने परवानगी दिली. बुखारी आणि मुस्लिम दोघांत ही हदीस आहे. एका माणसाचे जेवण दोघांना पुरते ही हदीसही आपल्याला पाठ असते, आणि ती नेमकी अशा वेळी आठवते. पण ती आपल्या घरच्या ताटाविषयी आहे, दुसऱ्याच्या भांड्याविषयी नाही.

मुलांविषयीही एक शब्द. पाच वर्षांखालील मुलाला पैसे नाहीत असे दिसले की सात वर्षांच्या मुलाला ‘चार सांग’ म्हणून शिकवणारे बाप मी पाहिले आहेत, त्यांत दाढीवालेही होते. मुलाला जवळ बोलावण्यासाठी ‘ये, तुला काही देते’ म्हणणाऱ्या आईला प्रेषितांनी (स.) विचारले होते, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते, असे त्यांनी तिला सांगितले. तिथे तर पैशाचाही संबंध नव्हता.

आपल्या वाचकांत हॉटेले, खानावळी चालवणारेही आहेत. त्यांचा हक्क वर सांगितला, तो खराच. पण विकताना, घेताना आणि येणे मागताना जो नरमाईने वागतो त्याच्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे. नफिल रोजा असलेला बाप, मधुमेहाची आजी, अंगावर पिणारे मूल सांभाळणारी सून, यांना खुर्ची देऊन तुमचा गल्ला रिकामा होणार नाही.

इतके सांगून मी थांबलो असतो तर मसला सुटला असता. पण त्या गृहस्थांना छळत होते ते घास नव्हते, हे त्यांच्या पुढच्या वाक्यावरून कळले. ‘मौलाना, ती तीन वाट्या डाळ जेवली. म्हणजे तिला भूक होती.’

पाटी वाचून होताच लागोपाठ आलेले ते ‘मला भूक नाही’ त्यांनी ऐकले होते, आणि ऐकून सुटकेचा श्वास टाकला होता. हे त्यांनीच सांगितले. तीनशे रुपये त्यांच्यासाठी थोडे नाहीत आणि त्यांना कंजूष म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु आपल्या घरांत न जेवणारे कोण असतात, याचा विचार वाचकांनी करावा. कमावता मुलगा असे कधी म्हणत नाही. म्हणते ती म्हातारी आई, घरात नवी आलेली सून, भावाच्या आश्रयाला राहिलेली बहीण. काहींना खरोखरच भूक नसते, पथ्य असते, रोजा असतो. त्यांना आग्रहाने छळणे हाही जुलूमच. पण दर ऐकल्यावर मेलेली भूक वेगळी, आणि मुलाला ती ओळखता येत नसेल तर त्याने ओळखायची नाही असे ठरवलेले असते.

प्रेषितांचा (स.) एक पर्शियन शेजारी होता, रस्सा फार छान करी. त्याने त्यांना जेवायला बोलावले. त्यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे निर्देश करून विचारले, आणि ही? तो म्हणाला, नाही. मग त्यांनीही नकार दिला. पुन्हा तसेच झाले. तिसऱ्यांदा तो हो म्हणाला, तेव्हा दोघे मिळून त्याच्या घरी गेले. सहीह मुस्लिममधली ही हदीस मी मदरशात वाचली तेव्हा तिच्यात निमंत्रणाचे शिष्टाचार तेवढे दिसले होते. इथे शेजाऱ्याचा आपल्या घरी कोणाला बोलवावे हा हक्क शाबूत राहिला. त्याच्यावर जबरदस्ती झाली नाही, आणि सहावा माणूस गुपचूप घुसवावा तसे आयशांना सोबत नेलेही गेले नाही. पण तिला मागे ठेवून एकट्याने रस्सा जेवणेही त्यांना मान्य झाले नाही. ज्याला पाचवी थाळी परवडत नाही त्याच्यापुढे हाच मार्ग उघडा आहे. चौघांनी हवे तितके जेवावे आणि पाचव्याने बघत बसावे, यापेक्षा त्या दारातून पाचांनी मिळून परत फिरावे आणि समोरच्या साध्या खानावळीत शेवभाजी आणि पोळ्या मागवून पाचांनी वाटून खाव्यात. तिथे वाटून खाण्याला मनाई नसते.

मी त्यांना सांगितले की घासांचा हिशेब मालकाशी मिटवा. हा बंद्याचा हक्क आहे, नुसत्या तौबेने फिटत नाही. पैसे फोनवरून दिलेले असल्याने ठिकाण सापडले. त्यांनी तीनशे रुपये पाठवले आणि कारण कळवले. तिकडून उत्तर आले की माजी जेवल्या हे बरे झाले, आणि पैसे परत आले. तो हक्क माफ झाला.

अम्मींच्या दुसऱ्या डोळ्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा सुरतेला जायचे आहे. या वेळी पाच थाळ्या सांगू का, असे त्यांनी परवा विचारले. मी म्हटले, ते घरीच ठरवून निघा, आणि अम्मींना काय खावेसे वाटते हे पाटी दिसण्याआधी विचारा. त्यांनी विचारले. अम्मी म्हणाल्या, ‘घरून भाकरी बांधून घेऊ.’ आता ही पथ्याची भाकरी की तीनशे रुपयांची, हे ते अजून ठरवू शकलेले नाहीत.