राखलेले आणि झाकलेले



आपल्याकडे नवी गाडी आली की फादरांकडून आशीर्वाद घेतो, पेढे वाटतो आणि सीटवरचे प्लास्टिक मात्र काढत नाही. नव्या वस्तूचा जीव आपल्याला फार! आम्हीही 8 वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा बॉनेटवर आणि चारही दारांवर पारदर्शक फिल्म चढवून घेतली. सेलूच्या आसपासच्या खेड्यांचे खडीचे रस्ते आणि उन्हाळ्यातली धूळ डोळ्यांपुढे होती. रंगाला ओरखडा जाऊ नये एवढाच हेतू, आणि तो चांगलाच होता. ही कल्पनाही मुळात राखण्यासाठीच निघाली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून त्यांवर अशी फिल्म लावत.

पण फिल्मला आयुष्य असते. चांगली फिल्म 5 ते 10 वर्षे टिकते, स्वस्तातली त्याआधीच जाते. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा उन्हात आमची फिल्म पिवळी पडली, कडक झाली, तडकली. तडांत माती भरली. जिने रंग राखायचा तिनेच तो झाकून टाकला. तरी आम्ही म्हणत राहिलो, "असू द्या, काढू पुढे कधीतरी."

शेवटी एका दुपारी धाकट्या भावाने दाढीचे ब्लेड घेतले. अर्ध्या तासात वीतभर फिल्म निघाली आणि खाली तीन लांब ओरखडे उमटले. डावे दार पूर्वी एकदा घासले गेल्याने पुन्हा रंगवलेले होते. तिथे तर फिल्मबरोबर रंगाचाच पापुद्रा निघून आला.

मग मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आधी गाडी सावलीत घेतली. फिल्मवर बेताची गरम हवा मारली. ती मऊ झाल्यावर एक कोपरा उचलला आणि सरळ वर न ओढता, मागे दुमडत, हळूहळू सोडवली. एका वेळी वीतभरच. उरलेला गोंद औषधाने मऊ करून फडक्याने पुसला. काम दोन दिवस चालले. जाताना ते म्हणाले, "चार वर्षांपूर्वी बोलावलं असतं, तर दोन तासांत निघाली असती."

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले, कारण घरात याच काळात दुसरी एक फिल्म ओरबाडली गेली होती.

आमची आई आजारी असताना थोरल्या भावाच्या डोक्यावर मोठे कर्ज झाले. तिला धक्का नको म्हणून आम्ही सर्वांनी ते लपवले. त्या वेळी ते योग्यच होते, असे आजही वाटते. पण आई बरी झाली. अंगणात हिंडू-फिरू लागली. तरी आम्ही गप्पच. एक गोष्ट झाकायला दुसरी सांगावी लागली, दुसरीसाठी तिसरी. आणि एका रात्री जेवताना भावाभावांत शब्दाला शब्द लागला, तेव्हा धाकट्याने रागाच्या भरात सगळे बोलून टाकले. आई ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, "कर्जाचं काय, ते फेडता येतं. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून मला परकं केलंत."

धाकटा म्हणतो, "मी खरं तेच बोललो ना?" खरेच होते. मग चूक कोणाची? आम्हांला वाटते, ब्लेड चालवणाऱ्याची आहेच; पण फिल्म चिकटून बसेपर्यंत थांबलेल्या आमचीही तितकीच आहे. आम्ही वेळेवर बोललो असतो तर ब्लेड उचलायची पाळीच आली नसती.

म्हणून सगळेच सगळ्यांना सांगावे असे नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (परिच्छेद 2488-2489) सांगितले आहे की, सत्य जाणून घेण्याचा हक्क बिनशर्त नसतो. काय सांगायचे आणि काय नाही, ते प्रीती आणि सत्याविषयीचा आदर यांनी ठरवायचे. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघडी करणे आपले काम नाही. पण जे आपणच झाकले आणि ज्याची गरज आता संपली, ते काढणे आपलेच काम आहे. संत पौल इफिसकरांना सत्य बोलायला सांगतो, पण प्रीतीने. प्रीती म्हणजे गोड शब्द नव्हेत. आईशेजारी बसून आधी "आमचं चुकलं" म्हणणे, मग थोडे थोडे सांगणे आणि ती रडली तर उठून न जाणे, ही ती ऊब.

प्रायश्चित्तकाळात आपण लाजरची गोष्ट ऐकतो (योहान 11). त्याच्या अंगावरची वस्त्रे प्रेमानेच गुंडाळली होती. पण तो जिवंत झाल्यावर ती त्याला चालू देईनात. प्रभूने त्याला हाक मारून बाहेर आणले. वस्त्रे सोडायचे काम मात्र जवळ उभ्या असलेल्यांना सांगितले. ते काम आजही आपल्याकडेच आहे.

आमच्या गाडीचे डावे दार पुन्हा रंगवले. नीट पाहिले तर फरक कळतो. आई आता बोलते, हसते. पण मधूनच विचारते, "अजून काही सांगायचं राहिलंय का रे?" त्या प्रश्नाला डोळ्याला डोळा देऊन "नाही" म्हणता यावे, एवढीच आमची प्रार्थना आहे. आपल्याही घरात असे काही राहिले असेल, तर पापनिवेदनाला येण्याआधी या आठवड्यात त्या माणसाजवळ जाऊन बसू या.