आधी मीटर लाव

पनवेलच्या लाईन आळीतल्या एका मुलीने गणपतीच्या मखरात हलतं फुलपाखरू बसवायचं ठरवलं. तेही साधंसुधं नव्हे, नीलवंत! २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं, काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेलं, पंख पसरले की बारा-पंधरा सेंटिमीटर भरणारं. पावसाळ्यात कर्नाळ्याच्या रानात ते सहज दिसतं.

इलेक्ट्रॉनिक्सचा तिला गंध नव्हता. दादाने लॅमिंग्टन रोडवरून प्रोग्रॅमवर चालणारा एक छोटा नॅनो बोर्ड आणि पंख हलवायला नऊ-नऊ ग्रॅमच्या दोन सर्वो मोटरी आणून दिल्या. पहिला पंख जोडला, हलला. घरभर कौतुक झालं. दुसरा जोडला आणि घोडं अडलं. पंख जरा उचलले की बोर्डावरचा दिवा लुकलुकायचा आणि प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

चूक प्रोग्रॅममध्येच, हे तिने धरूनच टाकलं. शाळेत तेवढंच शिकवलं होतं ना! ती ओळी खोडत बसली, नव्या लिहीत बसली.

शेजारचे काका मोटरी रिवाइंड करायचे. मंडळांच्या हलत्या देखाव्यांतले राक्षस त्यांनी गाड्यांच्या वायपर मोटरींवर नाचवले होते. त्यांनी विचारलं, "व्होल्टेज बघितलंस का गं?"

"काका, हे कोडिंगचं आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"नसेल बाई," म्हणत काकांनी काट्याचा जुना मीटर आणला आणि पिना बोर्डाच्या पाच व्होल्टवर टेकवल्या. "आता चालव." पंख उठले आणि काटा पाचावरून झपकन खाली आला. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. बोर्ड आणि दोन्ही मोटरी चालत होत्या लॅपटॉपच्या यूएसबीवर, आणि तिथून जेमतेम ५०० मिलिअँपिअर मिळायचे. त्याहून जास्त तर एक सर्वो अडली की एकटीच ओढते. बोर्ड बिचारा उपाशी राहून मान टाकत होता.

मोटरींसाठी चार पेन्सिल सेलचा वेगळा डबा आला. आता बोर्ड बंद पडेना, पण पंख अंगात आल्यासारखे थरथरू लागले. मुलीचा हात सवयीने लॅपटॉपकडे गेला, तिथेच थबकला. "काका, मीटर द्या." तिने बोर्डाची ग्राउंड आणि डब्याची ऋण तार तपासली. दोन्हींचा एकमेकींशी संबंधच नव्हता, मग बोर्डाचा इशारा मोटरीने मोजायचा तरी कुठून? तार जोडताच थरथर थांबली.

दोन्ही पंख डौलात वर-खाली होऊ लागले. काका म्हणाले, "छान! पण हे पंख्यासारखं वाटतंय. खरं कसं हलतं, पाहिलंस?"

पाहिलं नव्हतं. चित्र इंटरनेटवरून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती अंगणातल्या जास्वंदीपाशी बसली. पावसाची उघडीप होती, तरी पहिले दोन तास नुसत्या माश्या. मग एक नीलवंत आलं. फुलात सोंड घातलेली, पुढचे पंख सारखे फडफडत होते आणि मागचे जवळजवळ स्थिर. तिने तर पुढचा-मागचा मिळून एकच पुठ्ठा कापला होता!

घरात येऊन तिने कात्री घेतली. मागचे पंख धडाला चिकटवले, पुढचे तेवढे सर्वोला लावले. मोटरीवरचं ओझंही उतरलं, सेल जास्त वेळ टिकू लागले.

गणपतीत दर्शनाला आलेल्या मामांनी विचारलं, "मागचे पंख बिघडलेत का गं?"

"नाही मामा," ती ताटलीत मोदक ठेवत म्हणाली, "उद्या सकाळी जास्वंदीपाशी बसू. तुम्हीच बघा."