बहुमताने काय ठरते आणि काय ठरत नाही?



लोकशाही म्हणजे काय, असे कुणी विचारले तर आपण चटकन सांगतो, "ज्याला जास्त मते, त्याचे राज्य." उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. जास्त मते पडली म्हणून एखादी गोष्ट न्यायाची ठरते का? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेपुढे हा प्रश्न उभा राहिला आणि त्या देशाला त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. आज त्याविषयी थोडा विचार करू या.

४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेतील तेरा वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात लोकशाहीचे दोन पाये सांगितले आहेत. पहिला असा की, सर्व माणसे समान म्हणून निर्माण झाली आहेत आणि जीवन, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे हक्क त्यांना निर्माणकर्त्याने दिले आहेत. दुसरा असा की, सरकारला सत्ता मिळते ती लोकांच्या संमतीने. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी समानता, मग संमती. हक्क सरकार देत नाही; ते आधीपासून आहेत आणि त्यांचे रक्षण करण्यासाठी सरकार आहे.

मात्र हा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांत एकच कॅथलिक होते, मेरीलँडचे चार्ल्स कॅरल. कॅथलिक असल्यामुळे त्यांना स्वतःच्याच वसाहतीत मतदानाचा हक्क नव्हता. अन्याय म्हणजे काय हे त्यांनी स्वतः सोसले होते, तरी त्यांच्या मळ्यावरही गुलामच राबत होते. १७८७ साली राज्यघटना तयार झाली, तेव्हा लोकप्रतिनिधींची संख्या ठरवण्यासाठी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला गेला. 'गुलाम' हा शब्द मात्र घटनेत कुठेच येऊ दिला नाही. मनाला टोचत होते, पण हातून सुटत नव्हते.

पुढे १८५४ साली स्टीफन डग्लस या सिनेटरने एक कायदा मंजूर करवून घेतला. कॅन्सस आणि नेब्रास्का या नव्या प्रदेशांत गुलामगिरीला १८२० पासून बंदी होती. डग्लस म्हणाले, ही बंदी कशाला? तिथे वस्ती करणाऱ्या लोकांनीच मते देऊन काय ते ठरवावे. गुलामगिरी आली काय नि न आली काय, आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. लोकांची इच्छा तीच खरी. ऐकायला हे किती लोकशाहीचे वाटते! पण मतपेटीने प्रश्न सुटला नाही. कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंनी रक्त सांडले.

अब्राहम लिंकन यांनी डग्लस यांना दिलेले उत्तर साधे आहे. माणूस स्वतःवर राज्य करतो ते स्वराज्य. पण तो दुसऱ्यावरही त्याच्या संमतीवाचून राज्य करतो, तेव्हा ती जुलूमशाही होते. १८५८ साली इलिनॉयमध्ये या दोघांच्या सात जाहीर वादसभा झाल्या. त्यांच्या मुळाशी हाच वाद होता.

या उत्तरातले मर्म पाहा. तुमच्यावर राज्य करण्यासाठी मला तुमची संमती का घ्यावी लागते? बैलाच्या मानेवर जू ठेवताना आपण त्याला विचारत नाही. माणसाला विचारावे लागते, कारण तो माझ्या बरोबरीचा आहे. म्हणजे मताला किंमत आली ती समानतेमुळे. मग मते देऊन कुणाची समानताच काढून घेणे म्हणजे आपण बसलो आहोत तीच फांदी तोडणे होय. कोणी राज्य करावे हे बहुमत ठरवू शकते. माणूस कोणाला म्हणावे, हे ते ठरवू शकत नाही.

लिंकन त्या वेळी सिनेटची जागा हरले. शिवाय काळ्या लोकांना आपण सामाजिक व राजकीय बरोबरी देऊ इच्छित नाही, असे त्यांनीही त्या सभांत सांगितले होते. तत्त्व माणसापेक्षा मोठे होते. १८६० साली ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली आणि १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली.

आपण कॅथलिकांनी हा इतिहास दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यासाठी वाचू नये. काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात लिहिणारे सरन्यायाधीश रॉजर टॉनी कॅथलिक होते. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकली. पुढच्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. तरीही आपल्या देशातल्या गुलामगिरीला हे लागू नाही, अशी पळवाट तिथल्या काही कॅथलिक पुढाऱ्यांनी काढली.

इथे कुणी विचारील, "फादर, बहुमताच्या वर सत्य आहे असे म्हटले, तर ते सत्य सांगायचे कुणी? राजेही असेच म्हणत आले आणि धर्मपीठेही." ही शंका रास्त आहे. एकोणिसाव्या शतकातील पोपमहोदयांना धर्मस्वातंत्र्याची कल्पना मान्य नव्हती. प्रत्येक व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर आधारलेले धर्मस्वातंत्र्य ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली जाहीर केले. त्या घोषणापत्राच्या जडणघडणीत अमेरिकन येशूसंघीय जॉन कोर्टनी मरे यांचा मोठा वाटा होता. सत्य सांगायचे असते, लादायचे नसते, हा त्याचा अर्थ.

ते कसे सांगावे, हे बॅप्टिस्ट पाळक मार्टिन ल्युथर किंग यांनी दाखवले. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या संत ऑगस्टीन आणि संत थॉमस अक्विनस यांचा आधार घेतला. शाश्वत आणि निसर्गनियमात ज्याचे मूळ नाही, तो कायदा अन्यायाचा, असे ते सांगतात. त्यांनी असा कायदा उघडपणे मोडला आणि त्याची शिक्षा भोगली. कुणावर हात उचलला नाही. १९६४ आणि १९६५ साली वंशभेदाविरुद्धचे मोठे कायदे झाले, ते संसदेत बहुमतानेच. बहुमताला बाजूला सारले गेले नाही. त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी केली गेली.

हा लढा आपल्या महाराष्ट्रालाही परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. दूरदेशीच्या माणसांची समानता आणि इथल्या शूद्रातिशूद्रांची समानता एकच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

बंधुभगिनींनो, मते मोजणे सोपे आहे. आपणही गावच्या सभेत, सोसायटीत, संस्थेत हात वर करून निर्णय घेतो, आणि तसे ते घ्यावेतच. मात्र हात मोजून झाल्यावर क्षणभर थांबून एक प्रश्न स्वतःला विचारू या. या निर्णयाचे ओझे ज्याच्या खांद्यावर पडणार आहे, त्याला आपण हात वर करू दिला होता का?