टाइमर लावलास आणि डोकं बंद केलंस

लॉनवर तपकिरी चकत्या पडल्या की तू हवेला दोष देतोस. झाडं पिवळी पडली की मातीला. टँकरचं बिल फुगलं की माळ्याला. त्या यादीत तुझं स्वतःचं नाव कधी आलंय का रे? की डिग्री मिळाली, 'लॅण्डस्केप मॅनेजर' अशी पाटी दारावर लागली, तेव्हाच ते खोडून टाकलंस?

तुझ्या त्या बिझनेस पार्कात फिरून आलो. तू मीटिंगमध्ये होतास. बरंच झालं, मला माळ्यांशी नीट बोलता आलं. कंट्रोलरचं झाकण उघडून पाहिलं. रोज संध्याकाळी सहा वाजता, प्रत्येक झोनला वीस मिनिटं. ऑक्टोबरात वीस, डिसेंबरात वीस, मे महिन्यातही वीस. हे वीस आले कुठून? माळी म्हणाला, "बसवणाऱ्यानं ठेवलं तेच आहे, सर." म्हणजे कंत्राटदार पैसे घेऊन गेला, जाताना एक आकडा ठेवून गेला आणि तू त्याला देव मानून बसलास. महिन्याप्रमाणे पाणी कमी-जास्त करायची सोय त्याच पेटीत आहे. एका बटणाचं काम. दाबलंस कधी?

आता हिशेब कर. माझ्यासमोर बसून करायचास तसा, कागद-पेन्सिल घेऊन. स्प्रे हेड ताशी साधारण ४० मिलिमीटर पाणी टाकतं. रोटर टाकतो १२-१५. तुझ्या प्रवेशद्वाराच्या झोनमध्ये एकाच व्हॉल्व्हवर दोन्ही बसवलेत. वीस मिनिटांत स्प्रेखालच्या गवताला मिळतात १३ मिलिमीटर आणि रोटरखालच्याला जेमतेम ४. एकीकडे चिखल, दुसरीकडे करपलेलं गवत. मग करपलेलं दिसलं की तू काय करतोस? वीसनंतर आणखी पाच मिनिटं हाताने चालवतोस. चिखलात आणखी चिखल! एका व्हॉल्व्हवर एकाच जातीची हेड, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तू पहिल्या बाकावर होतास. उत्तरपत्रिकेत आकृतीसुद्धा सुबक काढली होतीस. कळत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही तुला. कळतं, पण वळत नाही, ही तुझी जुनी खोड.

पुढे ऐक. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. एक एकर म्हणजे अंदाजे ४,००० चौरस मीटर. एकरभर लॉनवर स्प्रेने १३ मिलिमीटर टाकलंस तर ते झालं ५२,००० लिटर. मुंबईच्या डिसेंबरात लॉनला दिवसाला अडीच-तीन मिलिमीटर पुरतात, मे महिन्यात चारच्या आसपास. म्हणजे १०-१२ हजार लिटर हिवाळ्यात, १६ हजार उन्हाळ्यात. थोडं वाया जाणार, ते धरून उन्हाळ्यात २० हजार समज. हिवाळ्यात रोज १०,००० लिटरचे चार टँकर तू गटारात ओततोस. आणि वर मला सांगतोस, "सर, ऊन फार आहे."

ऊन आहे, पण हवा कोणती आहे? मे महिन्यात नागपूरची कोरडी हवा झाडातून जेवढं पाणी खेचते, तेवढं मुंबईची खारी, दमट हवा खेचत नाही. घाम अंगावरून सुकत नाही तसंच पानावरचं पाणीही इथे सुकत नाही. अंगाची लाही होते म्हणून लॉनलाही तेवढीच तहान लागली असेल, असं तू ठरवून टाकलंस. आपल्या अंगावरून झाडाची तहान मोजायची? हे शिकलास माझ्याकडे?

आणि अशा दमट हवेत तू पाणी देतोस संध्याकाळी. मला खरी चीड याची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सहा वाजता तू गवत भिजवतोस. सूर्य मावळतो. रात्री आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, वारा पडलेला. पहाटे त्यावर दव. गवत सुकतं कधी? दुसऱ्या दिवशी नऊ-साडेनऊला. पंधरा-साडेपंधरा तास पान ओलं, रात्रीही हवेत उबारा. बुरशीला यापेक्षा अधिक काय हवं? पिथियम, रायझोक्टोनिया, ही नावं तुझ्या वहीत लाल पेनाने लिहिलेली होती. ते तेलकट, काळपट डाग, ती गोल तपकिरी वर्तुळं, हे सगळं तू स्वतः पेरलेलं पीक आहे. मग बुरशीनाशक आणायचं, फवारायचं, बिल लावायचं, आणि संध्याकाळी सहाला परत तेच पाणी. ये रे माझ्या मागल्या.

पहाटे चार ते सहा या वेळेत पाणी दे. तेव्हा पान दवाने ओलं असतंच, वेगळा ओलावा वाढत नाही. दोन तासांत ऊन येतं आणि सुकवून टाकतं. वारा कमी, फवारा उडत नाही, नळाचं प्रेशर बरं. "पहाटे माळी येत नाही, सर." अरे, मग टाइमर कशासाठी विकत घेतला? माळ्याने उभं राहून पाहायचं असेल तर आठवड्यात एकदा दिवसा दोन-दोन मिनिटं प्रत्येक झोन चालवून बघ. हेड वाकडं आहे का, नोझल तुंबलंय का, फूटपाथ भिजतोय का. तुझ्या मागच्या गेटजवळचं हेड मी स्वतः पाहिलं. अर्धं पाणी पेव्हर ब्लॉकवर पडत होतं. ब्लॉकवर हिरवं शेवाळ इतकं जुनं की एक बाई घसरता घसरता वाचली. ते हेड फिरवायला स्क्रूड्रायव्हर लागतो आणि अर्धं मिनिट. कुणाची वाट पाहतोयस?

त्याच झोनमध्ये स्प्रेमधून पाणी पडतच नव्हतं, धुकं उडत होतं. स्प्रेला दोन केजी प्रेशर पुरतं. तू पंपाचं सगळं प्रेशर तसंच सोडलंस. पश्चिमेचा वारा सुटला की ते धुकं शेजारच्या इमारतीच्या काचेवर जातं. रेग्युलेटर बसवायला बजेट नाही म्हणालास. टँकरला बजेट आहे, बुरशीनाशकाला आहे, दरवर्षी नवीन लॉन अंथरायला आहे. रेग्युलेटर आला की मात्र बजेट संपतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा तुझा कारभार.

बरं, दुपारचं. दोन वाजता हेलिकोनियाची पानं लोंबली की तुझा फोन वाजतो, "साहेब विचारतायत." आणि तू नळी लावतोस. कडक उन्हात पान ज्या वेगाने पाणी सोडतं त्या वेगाने मूळ ओढू शकत नाही. संध्याकाळी झाड आपोआप ताठ होतं. ती तहान नव्हेच. आणि माती ओली असून झाड सकाळीसुद्धा लोंबतंय? मग मुळं कुजली आहेत. कुजलेल्या मुळांना तू आणखी पाणी पाजतोस. मातीत बोट घालून पाहिलं असतं तर दोन्हींतला फरक कळला असता. पण बोटाला माती लागली असती, हो ना? खुर्चीवर बसून मोबाइलवर फोटो मागवणं सोपं. उंटावरून शेळ्या हाकल्या जातात, बाग नाही.

एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून मिळणाऱ्या पाण्याचीही तुझी एक लाडकी सबब आहे. "ते फुकटचं पाणी आहे, सर, कितीही द्या." फुकट? ते शुद्ध करायला वीज लागते, वर चढवायला वीज लागते. तेच पाणी कूलिंग टॉवरला किंवा फ्लशला गेलं तर तेवढं पिण्याचं पाणी वाचतं. तू ते पाण्याने तुडुंब भरलेल्या लॉनवर ओततोस. शिवाय त्यात क्षार असतात. रोज थोडं थोडं दिलं की क्षार मुळांपाशीच साठतात. दोन-तीन दिवसांआड भरपूर द्यायचं, म्हणजे ते खाली जातात. ठिबकच्या नळ्यांवर पांढरी पापुद्री आली आहे, ती तुला दिसली नाही का? डिस्क फिल्टर बसवलास, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर मोजायचे दोन गेज काढून ठेवलेस. का? "लीक होत होते." मग फिल्टर तुंबला हे तुला कळणार कसं? अर्धा केजी फरक पडला की धुवायचा, इतकी साधी गोष्ट. तुझ्या इनलाइन नळ्यांची टोकं बसवल्यापासून एकदाही उघडून फ्लश केलेली नाहीत, हे माळ्यानेच सांगितलं. तो खोटं बोलला नाही. त्याला खोटं बोलायची गरज नाही, तो तर तुझ्याकडूनच शिकतोय.

पाणी कमी पडतं म्हणतोस, आणि गच्चीवरच्या एसीचं पाणी थेट गटारात. दमट हवेत एक टन एसीतून ताशी लिटरभर पाणी सहज निघतं. ५०० टनांचा प्लान्ट दहा तास चालला तर ५,००० लिटर, क्षार जवळजवळ शून्य. एसटीपीच्या पाण्यात हेच मिसळलं तर क्षार कमी होतात. एका पाइपचं काम आहे. दमट हवा तुला रोज हे पाणी देते आणि तू त्या हवेलाच शिव्या देतोस.

आणि पावसाचं काय? मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भर पावसात तुझे स्प्रिंकलर चालू होते, असा व्हिडिओ तुझ्याच पार्कातल्या कुणीतरी गेल्या वर्षी फिरवला. पाहिलास ना? लाज वाटली का? रेन सेन्सरमधली छोटी चकती भिजून फुगते आणि सर्किट तोडते. इतकं साधं यंत्र. तेही नको असेल तर पावसाळ्यात मेन व्हॉल्व्ह बंद करायला कोण अडवतं? व्हॉल्व्हच्या पेट्यांमध्ये साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होत्या. स्वच्छ साचलेलं पाणी म्हणजे एडिस आणि एडिस म्हणजे डेंगी. पालिकेची नोटीस आली की धावशील. आत्ता धावलास तर कुणाचं तरी पोर आजारी पडणार नाही.

"क्लायंट ऐकत नाही, सर, त्याला सगळं हिरवं हवं." हे वाक्य पुन्हा माझ्यापुढे उच्चारू नकोस. क्लायंटला आकडे दाखवलेस कधी? टँकर किती, लॉन बदलायचा खर्च किती, बुरशीनाशक किती? पार्किंगमधल्या दोन-दोन फुटांच्या पट्ट्यांवर मेक्सिकन लॉन कोणी सुचवलं? त्या पट्टीवर कुठलाही फवारा रस्ताच भिजवणार, हे तुला माहीत नव्हतं? तिथे अडुळसा, निर्गुंडी, जमिनीला लागून पसरणारी वेल आणि खाली ठिबक, हे तुझ्या प्रोजेक्टमध्ये होतं. पहिला नंबर आला होता त्याला. किनाऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात तगणारी उंडी, भेंड, करंज ही झाडं तुला तोंडपाठ. ती एकदा रुजली की बहुतेक पाणी मागतच नाहीत. आणि लावलंस काय? कुंपणाला फायकस आणि दर हंगामाला फुलांचे ताटवे.

लावलेल्या झाडांचंसुद्धा बघ. पाच वर्षांच्या झाडाला अजून बुंध्यापाशी दोन ड्रीपर, ताशी चार लिटरचे. रोप होतं तेव्हाचेच. मुळं आता फांद्यांच्या घेराएवढी पसरली, पाणी मात्र बुंध्याला. सालीला कूज लागेल, मुळांना थेंब मिळणार नाही. नळीचं वेटोळं बाहेर सरकवायचं. जळगावच्या केळीवाल्या शेतकऱ्याला विचार. महिन्याप्रमाणे आणि झाडाच्या वयाप्रमाणे लिटर किती, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्याच्याकडे तुझी डिग्री नाही. पण चूक झाली तर त्याचं वर्ष जातं, तुझं मात्र काहीच जात नाही. म्हणून तू झोपतोस.

तुझ्या नळाला येणारं पाणी भातसा आणि तानसाचं आहे. ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत ठेवलेले असतात. ते पाणी इथपर्यंत येतं आणि तू पेव्हर ब्लॉक धुतोस. मी हे तुला रडवायला सांगत नाही. पाणी कुठून येतं हे माहीत असलेला माणूस कंट्रोलरवर वीस आकडा तसाच ठेवत नाही, एवढंच.

तुझ्याइतका हुशार मुलगा माझ्या वर्गात क्वचितच आला. तो पाट्या टाकतो, याचं मला दुःख आहे. मठ्ठ असतास तर मी इतकं लिहिलंच नसतं.

या आठवड्यात एक काम कर. बाजारातून सारख्या आकाराचे चोवीस प्लास्टिकचे ग्लास आण. प्रवेशद्वाराच्या झोनमध्ये पसरून ठेव, सारख्या अंतरावर. दहा मिनिटं पाणी सोड आणि प्रत्येक ग्लासातलं पाणी पट्टीने मोज. सगळ्यात कमी भरलेल्या सहा ग्लासांची सरासरी काढ, तिला सगळ्या ग्लासांच्या सरासरीने भाग. उत्तर ०.७ च्या खाली आलं तर एकसारखं पाणी मिळत नाहीये हे समज आणि आधी ते दुरुस्त कर, मगच मिनिटं ठरव. कंट्रोलरची वेळ सहावरून पहाटे चारवर आज, आत्ता बदल. चोवीसही आकडे तुझ्या हाताने लिहिलेले, शनिवारच्या आत मला पाठव. माळ्याच्या हाताने लिहिलेले चालणार नाहीत.