जो कागद दुसरा कोणी पाहणार नाही



महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्यावर कधी ना कधी एखादा संशोधन-प्रकल्प लिहिण्याची वेळ येते. आमच्या दुर्ग-भिलाई परिसरातील ख्रिस्ती घरांतील मुलामुलींना त्यासाठी बहुधा एकच विषय सुचतो : या भागात आपली मंडळी कशी उभी राहिली? विषय घरचा, म्हणून सोपा वाटतो. आजी-आजोबांना चार प्रश्न विचारावेत, पाळकसाहेबांकडून एखादी जुनी स्मरणिका मागून घ्यावी आणि वीस पाने भरावीत, असा बेत असतो. परंतु जो मनापासून शोध घेऊ लागतो त्याला लवकरच कळून येते की हा इतिहास ज्या कागदांवर प्रथम लिहिला गेला ते कागद येथे नाहीत. ते दूरच्या ग्रंथालयांत, कुलूपबंद कपाटांत, दुर्मीळ संग्रह म्हणून जपलेले आहेत. ते मिळवणे कष्टाचे आहेच. पण मिळाल्यावर जो प्रश्न उभा राहतो तो कष्टाचा नसून सदसद्विवेकबुद्धीचा आहे. त्या प्रश्नाचा विचार आपण आज करू या.

भिलाई हे पोलादाचे गाव. रशियाच्या साहाय्याने कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली, त्यांत आपली मराठी कुटुंबेही आली. अशा गावाला स्वतःची स्मृती थोडी असते. शेजारचे दुर्ग मात्र जुने आहे. पण त्याचा माग काढणेही सरळ नाही. १९०६ पूर्वी दुर्ग हा जिल्हा नव्हता, रायपूर जिल्ह्यातील तहसील होती. राजनांदगाव हे संस्थान होते. ते विलीन झाल्यावर दुर्ग जिल्ह्यात आले आणि १९७३ मध्ये पुन्हा वेगळे झाले. मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चाले, म्हणून कित्येक सरकारी कागदांसाठी आजही आपल्याला नागपूरची गाडी पकडावी लागते. त्यातून एक गंमत अशी की इंग्रज अमदानीत दुर्गचे नाव इंग्रजीत 'ड्रग' असे लिहीत. ए. ई. नेल्सन यांनी संपादिलेले १९१० चे जिल्हा गॅझेटियर त्याच नावाने छापले आहे. सूचीत आजच्या वर्णांनी शोधणाऱ्याला ते सापडत नाही, आणि जुन्या वर्णांनी शोधणाऱ्याकडे ग्रंथपाल क्षणभर संशयाने पाहतो!

मिशनच्या कागदांचा प्रवास तर याहून लांबचा. १८६८ मध्ये ऑस्कर लोर हे मिशनरी छत्तीसगडात आले आणि त्यांनी बिश्रामपूर वसवले. त्यांना पाठवणारी संस्था अमेरिकेतील जर्मन भाषकांची होती. म्हणून त्यांचे अहवाल जर्मनमध्ये आहेत, त्या मंडळीच्या 'डेर डॉइचे मिशन्सफ्रॉइंड' या पत्रात ते छापले जात, आणि या मिशनचे दप्तर सेंट लुईसजवळच्या एडन थिऑलॉजिकल सेमिनरीने जतन केले. धमतरीला १८९९ मध्ये आलेल्या मेनोनाइट बांधवांचे कागद इंडियानात जपले गेले, चांपा येथील बांधवांचे कॅन्ससमध्ये. बिश्रामपूरच्या पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांतील बहुतेक जण गुरू घासीदासांच्या सतनामी पंथातून आलेले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आपल्या पणजोबांविषयी लिहिलेली ओळ वाचायची तर समुद्र ओलांडावा लागतो, किंवा पत्र पाठवून छायाप्रत मागवावी लागते. सुदैवाने अलीकडे काही संग्रहांतील कागद संगणकावर पाहता येतात, आणि बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या अभिलेखागारात भारतातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे पुष्कळ दप्तर आहे. विद्यार्थ्याने प्रथम तेथे पत्र लिहावे. पत्रात 'छत्तीसगडच्या मंडळीविषयी सर्व माहिती पाठवा' असे मात्र लिहू नये. गाव, मिशनचे नाव, सालांचा टप्पा आणि कोणत्या प्रकारचे कागद हवेत हे लिहावे. नेमके मागणाऱ्याला नेमके मिळते.

अशा वाचनालयात बसण्याची एक शिस्त असते. पिशवी बाहेर, शाईचे पेन बाहेर. नोंदी पेन्सिलीने करायच्या. हात स्वच्छ धुऊन कोरडे करायचे. (हातमोजे घालावेत असा आपल्याकडे समज आहे, पण मोज्याने बोटांना पानाची जाणीव राहत नाही आणि कागद फाटतो, म्हणून कागदासाठी बहुतेक ठिकाणी आता स्वच्छ उघडे हातच पसंत करतात.) एका वेळी एकच फाइल समोर येते, पानांचा क्रम बदलायचा नसतो, कारण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी सापडला हीदेखील साक्षच असते. या शिस्तीत उपासनेचा काही अंश आहे असे मला नेहमी वाटते. तेथे मनुष्य हळू बोलतो, हळू पाने उलटतो आणि ज्यांना मरून शंभर वर्षे झाली त्यांच्यासमोर बसतो.

आता तो प्रश्न. समजा, आपल्या विद्यार्थिनीला दुष्काळाच्या वर्षांतील अहवाल मिळाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ छत्तीसगडला फार भयंकर गेले. अनाथ मुले मिशनच्या आश्रयाला आली, अनाथालये भरली आणि बाप्तिस्म्यांचे आकडे वाढले. विद्यार्थिनीने लहानपणापासून 'पोटासाठी बाटलेले' हा टोमणा ऐकलेला आहे. आता तिच्यासमोर असा तक्ता आहे की ज्यात दुष्काळाच्या सालासमोरचा आकडा मोठा आहे. तिच्या प्राध्यापकांनी तो तक्ता पाहिलेला नाही. तिच्या मंडळीतील कोणी तो पाहणार नाही. टोमणा मारणाऱ्यांनाही त्याचा पत्ता नाही. तिने तो लिहावा का?

वाचकहो, हा प्रश्न पवित्र शास्त्राला नवा नाही. दावीद राजाची कथा शास्त्रात दोनदा आली आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात योवाब राब्बा नगराला वेढा घालतो, दावीद यरुशलेमात मागे राहतो आणि मग बथशेबा व उरीया यांचे ते काळे प्रकरण येते. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातही योवाब राब्बावर चालून जातो आणि दावीद यरुशलेमात मागे राहतो. परंतु त्यानंतर थेट राब्बा पडल्याचेच वर्तमान येते. उरीयाचा घात तेथे नाही. मग इतिहासाचा लेखक खोटी साक्ष देतो का? मला तसे वाटत नाही. तो बंदिवासातून परतलेल्या, खचलेल्या लोकांसाठी लिहीत होता. त्यांना मंदिर आणि उपासना यांची आठवण देणे हे त्याचे काम होते. शिवाय मूळ कथा त्या लोकांत प्रसिद्ध होती. ती दडवणे त्याला शक्यही नव्हते. आपल्या शास्त्रातही ही दोन्ही पुस्तके एकाच बांधणीत आहेत : एकाने वगळलेले दुसऱ्यात कोणालाही वाचता येते.

येथेच दुर्मीळ कागदाचा धर्म वेगळा होतो. ज्या ग्रंथाच्या प्रती घरोघरी आहेत त्यातले काही मी वगळले तर वाचक मला पकडू शकतो. ती माझी निवड ठरते. परंतु ज्या कागदाची एकच प्रत आहे आणि तीही सातासमुद्रापलीकडे, त्यातले मी वगळले तर वाचकासाठी ते घडलेच नव्हते असे होते. तेथे माझे मौन हाच निवाडा होतो. कागद जितका दुर्मीळ, तितका वाचक माझ्यावर अधिक विसंबलेला, आणि म्हणून माझे बंधन अधिक कडक. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण न्यायालयापुरती मानतो. जिथे दुसरा साक्षीदार नाही अशा वाचनालयातल्या मेजालाही ती लागू आहे.

म्हणून तिने तो तक्ता लिहावा. पण तेवढ्यावर थांबू नये. दुष्काळ सरल्यावर किती जण परत गेले आणि किती राहिले, हे पुढच्या वर्षांच्या अहवालांत शोधावे. राहिलेल्यांनी काय सोसले ते विचारावे. भुकेची लाज कोणाला वाटावी, हेही विचारावे : भुकेल्या मुलाला, की त्या काळच्या राज्यकर्त्यांना? योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू लोकसमुदायाला तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. लेखकाने ते वाक्य गाळले नाही. पेत्राने प्रभूला नाकारल्याची गोष्ट तर चारही शुभवर्तमानांत आहे. आरंभीच्या मंडळीला आपल्या अग्रगण्य प्रेषिताची अब्रू झाकणे अवघड नव्हते. तरी ते तिने झाकले नाही. पूर्वजांच्या अब्रूची काळजी आपण पेत्राच्या अब्रूहून अधिक करावी काय?

वगळणे हा जसा एक मोह, तसा भर घालणे हा दुसरा. आपल्या भागाशी निगडित अशी एक गोष्ट प्रत्येक मराठी ख्रिस्ती वाचकाला ठाऊक आहे. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता एका परदेशी सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. पुढे १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड होता, असे नंतरच्या लेखनात सांगितले जाते. विन्स्लो यांचे टिळकचरित्र १९२३ चे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ चा. म्हणजे प्रसंग आणि पुस्तक यांच्यामध्ये तीस-चाळीस वर्षे आहेत. प्रवचनांतून मात्र तो डबा, ती वेळ, दोघांचे शब्दन् शब्द इतक्या खात्रीने सांगितले जातात की जणू वक्ता समोरच्या बाकावर बसला होता! प्रेमानेच हे होते हे मला मान्य आहे. पण प्रकल्प लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्यासमोर लिहावे : हे कोणी सांगितले, केव्हा सांगितले, त्याला ते कोठून कळले. गोष्ट त्यामुळे लहान होते, पण खोटी होत नाही.

आणि हाच प्रश्न मिशनऱ्यांच्या पत्रांनाही विचारायला हवा. ती पत्रे देणगीदारांसाठी लिहिलेली असत. त्यांत आपल्या पणजोबांचा उल्लेख कधी 'आळशी', कधी 'बालबुद्धीचा' असा येतो. कधी नावही नसते. वाचताना रक्त तापते. तरीही ते फाडून टाकण्याजोगे नाही आणि जसेच्या तसे मानण्याजोगेही नाही. सौरभ दुबे यांनी १९९८ च्या आपल्या 'अनटचेबल पास्ट्स' या ग्रंथात सतनाम्यांचा इतिहास लिहिताना मिशनरी लेखनाचाही उपयोग केला आहे. पुढे छत्तीसगडातील देशी उपदेशकांच्या दैनंदिन्यांवरही त्यांनी लिहिले. साहेबाच्या अहवालात जो नुसता 'नेटिव्ह' असतो, तो दैनंदिनीत गावोगाव वाद घालणारा, उत्तरे ऐकून घेणारा माणूस म्हणून भेटतो. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची बाजू अशा फटींतूनच ऐकावी लागते.

एक अडचण उरते, आणि तीत माझे मत थोडे निराळे आहे. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांत जात लिहिलेली असते; कोणाच्या नावापुढे बाप अज्ञात असतो; कोणाच्या पुढे महारोगाची नोंद असते. ती घराणी आजही आपल्याच गल्लीत राहतात. येथे सत्याच्या नावाखाली नाव छापणे मला पटत नाही. अशा नोंदी किती आहेत ते लिहावे, त्यांवरून काय दिसते ते लिहावे, आणि नावे मुद्दाम दिली नाहीत हे स्पष्ट सांगावे. सांगून झाकणे आणि न सांगता झाकणे यांत फार अंतर आहे. पहिल्यात वाचकाची फसवणूक नाही.

आता आपल्या हातातल्या गोष्टीकडे येऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले, त्याच शतकात पुढे आणखी दोनदा छापले गेले. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी ते वाचवले. आपल्या मंडळ्यांच्या नोंदवह्या तर छापलेल्याही नाहीत. त्या लोखंडी कपाटात, पेटीत, कोठे व्यासपीठामागच्या खोलीत ओल आणि वाळवीच्या स्वाधीन आहेत. पाळकांची व पंचांची परवानगी घेऊन विद्यार्थ्यांनी हे काम आधी करावे. नोंदवही उन्हात ठेवू नये, चिकटपट्टी लावू नये, पाने सुटी करू नयेत. खिडकीजवळच्या मऊ उजेडात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कोरी पानेसुद्धा न वगळता, छायाचित्रे घ्यावीत. शाई फिकट असेल तेथे दुसऱ्यांदा घ्यावीत. त्या प्रतीचा एक संच मंडळीकडे ठेवावा आणि दुसरा बंगळूरला किंवा अन्य विश्वासू संग्रहात, खाजगी नोंदी कोणाला दाखवाव्यात याची अट लिहून, पाठवावा. मग प्रकल्पात जे उतरवले ते बरोबर की चूक, हे पुढच्या वर्षीची विद्यार्थिनी मूळ पान समोर ठेवून पाहू शकेल.